चोवीस तासांची पाहुणी

मला फक्त एक पेटी एका मजल्यावरून वरच्या मजल्यावर पोचवायची होती. मध्ये पायऱ्या अठरा. त्या अठरा पायऱ्यांपायी माझी अख्ख्या इमारतीत शोभा झाली, आणि माझ्या प्रयोगवहीत, नायट्रेटच्या कसोटीखाली, ‘खजुराच्या बिया सात, स्वच्छ’ अशी नोंद माझ्याच हस्ताक्षरात कायमची राहिली. वायादोलिदमध्ये मला आता चौदा वर्षं झाली. ती इमारत पाडून तिथं नवी उभी राहिली आहे, तेव्हा खरं काय ते सांगायला हरकत नाही.

त्या वेळी मी विद्यापीठात अगदी नवा होतो. माझ्या गावाहून, समुद्रापलीकडच्या तेतुआनहून, येऊन अडीच महिने झाले होते आणि मला एका कागदाची निकड होती. या देशात तुम्ही एखाद्या घरात राहता, एवढं पुरत नाही. तुम्ही राहता असं नगरपालिकेच्या दप्तरात असावं लागतं. ती नोंद नसेल तर राहण्याचा परवाना नाही, परवाना नसेल तर शिष्यवृत्ती नाही, आणि शिष्यवृत्ती नसेल तर तेतुआनला परत जाऊन काकांच्या टाइल्सच्या दुकानात उभं राहायचं. मुदत होती तीस नोव्हेंबर. मी नगरपालिकेत जाऊन अडीच तास रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी माझा पत्ता यंत्रात घातला आणि भुवया वर केल्या.

“तिसरा मजला, डावीकडे? तिथं तर बेनिताबाई राहतात.”

“त्या गेल्या महिन्याअखेर वारल्या. मी त्यांच्या भाच्याकडून घर भाड्यानं घेतलंय.”

“इथं राहतायत म्हणून आहे.”

“बाई, त्या दफनभूमीत राहतात.”

“मग त्यांनी पत्ता बदलल्याचं कळवायला हवं होतं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या मागच्या माणसाला हाक मारली.

भाचा फोनवर गोड बोलला. मावशीच्या मृत्यूचा दाखला देतो म्हणाला, घराच्या कागदावर सही करतो म्हणाला. “पण बाबा रे, एकच अट. शेजाऱ्यांची तक्रार नको. मावशीनं त्या इमारतीत साठ वर्षं काढली, कुणी ब्र काढला नाही. मी आनिसेतोरावांना विचारीन. ते म्हणाले पोरगा सरळ आहे, की सही.”

आनिसेतोराव म्हणजे इमारतीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. पहिल्या मजल्यावर उजवीकडे राहायचे. रेल्वेत वेळापत्रकाच्या खात्यात चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या एका शब्दावर माझं छप्पर टेकलेलं होतं. मी ठरवलं की तीस तारखेपर्यंत जिन्यातही चवड्यांवर चालायचं. हा बेत सतरा तारखेच्या मंगळवारी दुपारी बारा वाजेपर्यंत उत्तम चालला.

बाराला घंटी वाजली. दारात समोरच्या बिऱ्हाडातल्या कासिल्दाबाई. विधवा, अंगानं किरकोळ, आवाजानं भरभक्कम. त्यांच्या हातात दोन दारांचा, पेटीसारखा छोटा लाकडी देव्हारा होता, वर उचलायला पितळी कडी. मी ‘नमस्कार’ म्हणायला तोंड उघडलं तोवर देव्हारा माझ्या हातात.

“चोवीस तास. उद्या याच वेळेला पुढच्या घरी. यादी दाराच्या आतल्या बाजूला आहे. दिवा विझू द्यायचा नाही.”

“बाई, मी बेनिताबाई नाही.”

“दिसतंय मला. पण सतरा तारीख तिसऱ्या मजल्यावर डावीकडे, हे काय मी ठरवलंय? ती घराला भेटायला येते, माणसाला नाही.”

“पण मी मुसलमान आहे.”

“असू दे. तिनं तोंड वाकडं केलेलं अजून तरी मी पाहिलं नाही,” म्हणून बाईंनी दार लावून घेतलं.

आत हातभर उंचीची मरियामाई, निळ्या वस्त्रातली. तिच्या पुढ्यात काचेचा तेलाचा दिवा. दाराला आतून चिकटवलेली तीस नावांची यादी, शाई उडालेली. सतरा: बेनिता, तिसरा मजला डावीकडे. अठरा: ओब्दुलिया, चौथा मजला डावीकडे. एकोणीस: आनिसेतोरावांच्या सौभाग्यवती. म्हणजे उद्या अठरा पायऱ्या चढायच्या की सुटलो. मी देव्हारा सेंद्रिय रसायनाच्या जाड पुस्तकावर ठेवला आणि आईला फोन लावला. मला वाटलं होतं ती घाबरेल.

“नौफल, मरियम आपलीही आहे. तू तिच्यापुढे वाकू-बिकू नकोस. पण पाहुणी घरात आली आणि तू तिला पुस्तकावर ठेवलंस? खायला काय दिलंस?”

“आई, ती लाकडाची आहे.”

“तू तरी कुठं मोठा हाडामांसाचा उरलायस तिकडं जाऊन. मी पाठवलेत त्यातले सात खजूर ठेव. आणि तिच्यासमोर सिगारेट ओढू नकोस.”

मी ठेवले. सिगारेट ओढायला खिडकीशी गेलो तर बाहेर काही नव्हतंच. नोव्हेंबरात इथं नदीवरून धुकं उठतं ते आठवडाभर हलत नाही. समोरची इमारत त्या दिवशी गायब होती. दुपारचे तीन वाजले. या गावात दुपारी तीन ते पाच माणसं झोपतात ती अशी, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा संकोचानं चालतं. सगळी इमारत गप्प झाली. आणि रोजच्यासारखं माझ्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, कुणीतरी सपाता घासत चालायला लागलं. खिडकीपर्यंत जायचं, थांबायचं, परत यायचं. मी मनात म्हटलं, ओब्दुलियाबाईंना दुपारची झोप नसावी. म्हाताऱ्या माणसांना नसते.

दुसऱ्या दिवशी बाराला मी देव्हारा घेऊन वर गेलो. आमच्या जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर दीड मिनिट जळायचा आणि मग तुम्ही कुठल्याही पायरीवर असा, विझायचा. चौथ्या मजल्यावर डावीकडच्या दाराला पितळेची नावाची पाटी होती, हिरवी पडलेली. मी घंटी दाबली. ती वाजत नव्हती. मी दार वाजवलं. “ओब्दुलियाबाई! मी खालचा नौफल! मरियामाई आलीये!” आत काही हललं नाही. दाराला डोळा लावून बाहेर पाहायचं भोक असतं, त्यातून आतला उजेड दिसत होता. मी पुन्हा हाक मारली आणि तो उजेड गेला. भोक काळं झालं, आणि काळंच राहिलं. नेमका त्याच क्षणी जिन्यातला दिवा विझला. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नाही. मी अठरा पायऱ्या चार ढांगांत उतरलो.

कासिल्दाबाईंना म्हटलं, “त्या दार उघडत नाहीत.”

“कोण?”

“ओब्दुलियाबाई.”

बाई लसूण सोलत होत्या, तो तसाच हातात राहिला. “पोरा, ओब्दुलिया जाऊन अकरा वर्षं झाली.”

“मग यादीत नाव?”

“यादीतून नाव कोण खोडणार? तुझ्या हातानं खोडशील? एकानं खोडलं होतं शेजारच्या गल्लीत. महिन्याच्या आत पाय मोडला.”

“पण मग वर कोण राहतं?”

“कुणी नाही. घर बंद. मालक माद्रिदला.”

“असं कसं? मी रोज दुपारी त्यांना चालताना ऐकतो.”

हे वाक्य मी बोललो ते किती महागात पडणार आहे याची मला कल्पना नव्हती. कासिल्दाबाई खुर्चीवर बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “बेनिता दर महिन्याला अठराला पेटी घेऊन वर जायची. मी म्हणायचे, बाई, वर कुणी नाही. ती म्हणायची, नाव आहे ना.”

“आणि वरून खाली कोण आणायचं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लसणाची पाकळी त्यांच्या हातातून सुटून टेबलाखाली गेली आणि ती उचलायला आम्हा दोघांपैकी कुणीच वाकलं नाही.

मी सरळ पहिल्या मजल्यावर गेलो. विचार असा केला की मधलं घर वगळावं, देव्हारा एकोणीस तारखेच्या मालकिणीला द्यावा आणि आपण आपला अभ्यास करावा. दार आनिसेतोरावांनी उघडलं. घरातही कोट, टाय आणि हातात घड्याळ.

“आज अठरा आहे,” ते म्हणाले.

“हो, पण वर कुणी नाही, म्हणून म्हटलं...”

“तरुण माणसा, क्रम म्हणजे क्रम. सतरा तिसरा मजला, अठरा चौथा, एकोणीस आम्ही. गाडी मधलं स्टेशन गाळून येते का?”

“पण त्या स्टेशनवर माणूसच नाही!”

“मग अकरा वर्षं गाडी वेळेवर कशी आली? दर एकोणिसाव्या तारखेला, दुपारी पाचला, आमच्या दारात पेटी. दिवा लावलेला. एक मिनिट इकडे नाही की...” आणि इथं आनिसेतोरावांना स्वतःचं बोलणं ऐकू आलं. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, “मी समजत होते बेनिता आणते. पण बेनिताचे गुडघे गेल्याला सात वर्षं झाली. तिला वर चढताना मी पाहिलंय, तासभर लागायचा. खाली ती येतच नव्हती.” आनिसेतोरावांनी माझ्या तोंडावर दार लावलं. आतून साखळी घातल्याचाही आवाज आला. रागावून बाहेर काढलेल्या पाच वर्षांच्या मुलासारखं त्या दाराबाहेर उभं राहताना मला फार अपमान वाटला. मी शिष्यवृत्तीधारक आहे, हे तिथं कुणाला सांगणार?

दुपारी पावणेतीनला मी देव्हारा चौथ्या मजल्यावर त्या दारासमोर ठेवला. सात खजूर आत तसेच होते. खाली येऊन खोलीत बसलो. तीनला इमारत गप्प झाली. सपाता सुरू झाल्या. या वेळी खिडकीकडे नाही, दाराकडे. कडी निघाली. मग काहीच नाही, फार वेळ. मग जिन्यात पावलं. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. मला उठून दार उघडता आलं असतं. वैज्ञानिक निरीक्षणाची अशी संधी माणसाला आयुष्यात एकदा मिळते. मी पलंगावर चढून भिंतीला पाठ लावून बसलो.

पाच वाजता कासिल्दाबाईंची किंकाळी आली तेव्हा मी दार उघडलं. देव्हारा माझ्या उंबऱ्यावर होता. दिव्यात नवं तेल, ज्योत सरळ. आत खजूर नव्हते. त्यांच्या जागी सात बिया, धुऊन पुसून, एका ओळीत मांडलेल्या. मी प्रयोगवही आणून नोंद केली, कारण भीती वाटली की माणसानं आपल्या विषयाचा आधार घ्यावा. कासिल्दाबाई छातीवर क्रूस काढत म्हणाल्या, “खाते रे! ती खाते!” आणि त्या पळाल्या त्या तळमजल्यापर्यंत प्रत्येक दार वाजवत गेल्या.

गुरुवारी देव्हारा माझ्याकडून कुणीच घेईना, पण सल्ले साऱ्या इमारतीनं दिले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी म्हणाल्या, उंबऱ्यावर मीठ घाल. त्यातली धाकटी म्हणाली, मीठ नको, मिठानं तहान लागते, मग पाण्याला खाली येईल. तळमजल्यावरचा चष्मेवाला म्हणाला, तुम्हा लोकांत काय करतात ते कर. आमच्यात काय करतात ते मलाही ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरी सगळं आई करते. एकानं असंही सुचवलं की मी आलो आणि हे सुरू झालं, तेव्हा मी गेलो की थांबेल. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आवाजातला गोडवा पार गेलेला. “मला आजच्या दिवसात नऊ फोन आलेत. सही विसरा. आणि एक तारखेला खोली मोकळी करा.”

आनिसेतोरावांनी तळमजल्याच्या काचेवर नोटीस लावली: शनिवार, दुपारी बारा. विषय एक, बॉयलर. विषय दोन, चौथा मजला डावीकडे. कुलूप उघडवून आत पाहणे.

शुक्रवारी तीनला मी वर गेलो. शौर्याचा यात काही भाग नव्हता. सगळ्यांसमोर दार उघडणार आणि आतलं जे काही असेल ते माझ्याच नावानं खाली येणार, त्यापेक्षा आपणच आधी पाहिलेलं बरं. उरलेले खजूर एका वाडग्यात घेतले. जिन्यातला दिवा लावला नाही, म्हणजे तो विझायचा प्रश्न नव्हता. वरच्या पायरीवर बसलो आणि म्हटलं, “हे घ्या. बिया परत द्यायची गरज नाही.”

बराच वेळ गेला. दार चार बोटं उघडलं. आतून गार हवा आली, मेणाची आणि जुन्या कपाटाची. मग एक हात, नुसताच हात, सुरकुतलेला, वाडग्याकडे आला. मी ओरडलो. हातही दचकून मागे गेला आणि दारामागून एक म्हातारा आवाज म्हणाला, “अहो, हळू! खालचे जागे होतील.”

भूत इतरांच्या झोपेची काळजी करत नसावं. मी दार ढकललं. आत एक बुटकी म्हातारी उभी होती. अंगात दोन स्वेटर, पायात पुरुषी सपाता, एक गुडघा फडक्यानं बांधलेला. ती ओब्दुलियाबाई नव्हती. ती तोमासा होती; ओब्दुलियाबाईंच्या घरी चाळीस वर्षं कामाला आणि सोबतीला राहिलेली बाई. मालकीण गेल्यावर ती गावी परतली, असं सगळी इमारत समजत होती.

“गावी कोण आहे माझं?” ती म्हणाली. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो आणि ती खजूर खात होती, सावकाश, प्रत्येकाकडे आधी नीट पाहून. “करारनामा मालकिणीच्या नावावर, जुन्या काळचा. ती गेली की करार गेला. मोलकरणीला कोण ठेवतं? बेनिता म्हणाली, कळवायचंच नाही. भाडं मालकिणीच्याच नावानं जातं, एक महिना चुकलं नाही. मी दिवसा बूड हलवत नाही. दुपारी सगळे झोपले की चालते थोडी.”

“आणि खाणंपिणं?”

“बेनिता घरपोच मागवून वर आणायची. ती गेली. दुपारी मला बाहेर पडता येतं, पण दुपारी दुकानं बंद असतात. लांब एक मोठं दुकान उघडं असतं, तिथं जायचे. मग गुडघा सुजला.” तिनं बी बोटांनी पुसली. “ते परवाचे सात मरियामाईचे होते, मला कळतं. पण मी तिच्याकडे पाहिलं आणि ती काही बोलली नाही. पेटी तुमच्या दारात परत ठेवली, कारण तुम्ही सगळ्या इमारतीला विचारत सुटला होतात. तुमचा आवाज फार मोठा आहे हो.”

मला माझी लाज वाटली. मी एका कागदासाठी पंधरा दिवस तळमळत होतो, आणि माझ्या डोक्यावर एक बाई अकरा वर्षं कागदाशिवाय श्वास धरून बसली होती. तिला हुडकून काढायचं काम मी दोन दिवसांत केलं होतं.

“उद्या कुलूपवाला येणार आहे,” मी म्हटलं.

“ऐकलं. मधल्या चौकातून सगळं वर येतं. कुठं जाऊ तेवढं सांगा. अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली मला.”

मी रिकामा वाडगा घेऊन खाली आलो.

शनिवारी बाराला सगळी बिऱ्हाडं आपापल्या खुर्च्या घेऊन तळमजल्यावर जमली. बाहेर धुकं काचेला टेकलेलं. भुतानं सगळ्यांची गाळण उडालेली होती, तरी बॉयलरवर चाळीस मिनिटं भांडण झालं, कारण तो विषय एक होता. कुलूपवाला हत्यारांची पिशवी घेऊन दाराशी उभा. तो दर दहा मिनिटांनी विचारायचा, “आज उघडायचंय ना नक्की?” पाद्रीबाबांचा निरोप आला होता की आधी दार उघडून पाहा, मग गरज पडली तर मला बोलवा. शेवटी आनिसेतोरावांनी चष्मा लावला आणि म्हणाले, “विषय दोन. कुलूप उघडण्याच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.”

हात वर जायला लागले. मी उभा राहिलो. मी काय बोलणार आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

“उघडू नका,” मी म्हटलं. “मी पाहिलंय त्यांना.”

हात होते तिथं थांबले.

“कुणाला?”

“ओब्दुलियाबाईंना. काल दुपारी.”

“दार बंद असताना?”

“हो.” एक खोटं बोललं की दुसरं आपसूक पुढं येऊन उभं राहतं. “खुर्चीत बसल्या होत्या. पाठमोऱ्या.”

दुसऱ्या मजल्यावरची थोरली बहीण किंचाळली. “पाठमोरीच! ती पाठ करूनच बसायची! माझ्याशी तर शेवटची सहा वर्षं तशीच बसली!”

“काही बोलल्या?” आनिसेतोरावांनी विचारलं. त्यांचा आवाज वेळापत्रकातला राहिला नव्हता.

“म्हणाल्या, मी इथं कुणाला त्रास देत नाही. दार उघडलंत तर मात्र खाली येईन.”

“खाली कुणाकडे?” हा प्रश्न एकदम सात-आठ जणांनी विचारला.

“नाव नाही सांगितलं. म्हणाल्या, ज्याचं त्याला माहीत आहे.”

साठ वर्षांच्या शेजारसंबंधांची उजळणी त्या तळमजल्यावर एका मिनिटात झाली. कुणी कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीवर पाणी ओतलं होतं, कुणी कुणाच्या मांजराला काय घातलं होतं, सगळं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कुलूपवाल्यानं पिशवीचा पट्टा आवळला आणि “माझा या बाईंशी काही संबंध नाही” असं मोठ्यानं, छताकडे पाहून सांगून तो गेला. आनिसेतोराव म्हणाले, “इतिवृत्तात लिहा: विद्यार्थी नौफल यांनी प्रत्यक्ष पाहिले.” त्या इतिवृत्तावर मला सही करावी लागली. वायादोलिदमधली माझी पहिली अधिकृत नोंद ती. पुढं ती विद्यापीठातही पोचली, आणि वर्षभर प्रयोगशाळेत मला कुणी मेणबत्ती दिली की बाकीचे खोकायचे.

ठराव एकमतानं झाला. चौथ्या मजल्यावर डावीकडे कुणी हात लावायचा नाही. पेटी नेहमीच्याच क्रमानं जाईल. आणि कासिल्दाबाईंची उपसूचना: “भुकेली आहे म्हणून हिंडते ती. खजूर कसे खाल्ले ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. रोज एका घरानं तिच्या दारात जेवण ठेवायचं, आळीपाळीनं. भांडं नेऊन कोण ठेवणार?” सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. भाच्यानं त्याच संध्याकाळी सही केली. आनिसेतोरावांनी त्याला सांगितलं होतं की पोरगा सरळ आहे, फक्त डोक्यानं जरा हलला आहे. आणि त्या घरात आता दुसरं कोण राहायला येणार होतं?

पण सहीच्या आधी, दुपारी साडेतीनला, मी पहिलं जेवण घेऊन वर गेलो. कासिल्दाबाईंनी पाळी स्वतःकडे घेतली होती. हरभऱ्यांचं कालवण, वर भरपूर तेल, शेजारी पाव. भुताच्या मानानं हात फारच सढळ होता. मला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. म्हणणार होतो, तोमासाबाई, आता मरेपर्यंत कुणी दार उघडत नाही, आणि ताट रोज दारात.

मी दार वाजवण्याआधीच तिनं उघडलं. केस विंचरलेले, स्वच्छ एप्रन बांधलेला. भांड्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

“मी ऐकलं सगळं,” ती म्हणाली. “कुठल्या खुर्चीत बसली होती?”

“कोण?”

“ही. तुम्हाला दिसली ती. खिडकीजवळच्या, की ह्या?”

“तोमासाबाई, ते मी खाली...”

“चाळीस वर्षं मी तिचं केलं. शेवटची तीन वर्षं तर उचलून ठेवायचे. ती गेल्यापासून रोज दुपारी मी ह्या खुर्च्यांमधून फिरते. म्हटलं एकदा तरी बसलेली दिसेल. नाही दिसली.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. “तुम्ही तर तिला ओळखतसुद्धा नव्हता.”

मी भांडं हातात धरून उभा. ते तळाला गरम होतं आणि माझी बोटं भाजत होती. खालच्या पंचवीस माणसांसमोर मला खोटं बोलताना काही वाटलं नव्हतं. इथं खरं बोलायला जीभ वळेना. खरं सांगितलं असतं तर तिचं घर राहिलं असतं, आणि घरात ती एकटीच राहिली असती.

“माझ्याबद्दल काही विचारलं का तिनं?” तोमासानं विचारलं.

“विचारलं,” मी म्हटलं.

“काय?”

“तोमासा जेवली का, म्हणाल्या.”

मग तिनं हळूच मान हलवली. “हं. तेवढंच विचारायची. दुसरं काही बोलायचीच नाही कधी.” तिनं माझ्या हातातून भांडं घेतलं, आत गेली आणि दार लोटलं.

मी चार पायऱ्या उतरलो आणि आतून ताटं मांडल्याचा आवाज आला. एक, आणि मग दुसरं. खुर्ची ओढली गेली. तोमासा बोलायला लागली, हळू, घरातल्या माणसाशी बोलतात तशी. दोन शब्द बोलायची, थांबायची, मग हसायची, पुन्हा बोलायची. ती थांबते तेव्हा आत काय ऐकू येतं, हे ऐकायला मी तिथं उभा राहिलो नाही.